कळमेश्वरच्या बाजारातली दातांची खुर्ची

मित्रांनो, मी सागवानाची एक जुनी घडीची खुर्ची आहे. पण माझ्यावर बसून कुणी निवांत चहा प्यायला असेल, असे समजू नका. माझ्यावर बसणाऱ्याला आ करावा लागे. नागपूरच्या धोंडबा सुताराने मला घडवले आणि डोके टेकायला मागे चामड्याची उशी लावली. तेव्हा दातांचे डॉक्टर शहरातच असत. खेड्यातल्या माणसाची दाढ ठणकली, तर तो लवंग धरी, तंबाखू दाबी आणि सोसत बसे. म्हणून सरकारने ठरवले, की बाजाराच्या दिवशी डॉक्टरनेच जीपने गावी जावे.

आमचे डॉक्टर मधुकरराव स्वभावाने गोड, पण हातात चिमटा दिसला की लोकांना यमाचे भाऊच वाटत. कळमेश्वरच्या बाजारात मला कडुनिंबाखाली मांडले, तर एक माणूस जवळ फिरकेल तर शपथ. वरचा दात काढला की डोळा जातो, ही समजूत घरोघर पक्की होती. कुणीच बसणार नसेल तर जीप बंद होईल, असे वरून बजावले होते. मला तर रडूच येई.

एका बाजारी मिरची विकणारी कौसल्या आली. गाल टम्म सुजलेला, वरची दाढ किडलेली. तिची सासू अंजनाबाई मागे धावली.

"काहून वं, आंधळी होतं का? मंग पोरायले कोण पाहीन?"

"आत्याबाई, घास जात नाही. उपाशी मरून राहिली मी," असे म्हणत कौसल्या बसलीच. तिने माझे हात असे आवळले, की लाकडाची असून मी कळवळले.

दाढ निघाली. सासूचा विश्वास काही बसेना. कौसल्याच्या तोंडात कापसाचा बोळा, बोलणार कशी? तिने शेजारच्या गोधडीवालीकडून सुई-दोरा घेतला. काढलेल्या दाढेच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून सासूचा हात ओढून आपल्या दुसऱ्या डोळ्यावर ठेवला. दोऱ्याला थुंकी लावायचीही सोय नव्हती, तरी तिने सगळ्या बाजारादेखत सुई ओवली.

अंजनाबाईने सुई हातात घेऊन दोरा ओढून पाहिला. मग म्हणाली, "सरक वं. मले बी बसू दे."

त्यानंतर दर बाजारी रांग लागे. मधुकरराव पोरांना दात घासायला शिकवत, बायांची मशेरी सोडवत. निघताना लोक जीपमध्ये संत्री टाकत. काय दिवस होते ते!

पुढे गावच्या दवाखान्यात नवी लोखंडी खुर्ची आली. नारळ फुटला, फीत कापली गेली. आता गावातच सोय झाली म्हणून जीप बंद झाली, मधुकररावांचे येणे थांबले आणि मला व्हरांड्यात टाकले. वाईट वाटले, पण लोकांचे भले होतेय म्हणून मी मन आवरले. मात्र डॉक्टरची जागा मंजूर झाली, डॉक्टर आलाच नाही.

परवा देवाजी नावाचे म्हातारे शेतकरी गालाला दुपट्टा बांधून चालत आले. आत नव्या खुर्चीवर प्लॅस्टिक तसेच होते. ते बाहेर येऊन माझ्यावर बसले, फाटक्या उशीला डोके टेकले.

"बाबाजी, डॉक्टर नाही," शिपाई म्हणाला.

"बसतो गा. येईन कोणी."

बाजार उठेपर्यंत ते बसले आणि "पुढच्या बाजारी येतो गा," असे म्हणून दुखरा गाल धरून परत गेले. मला काहीच करता आले नाही.

मित्रांनो, माझी उशी शिवू नका, मला रंग देऊ नका. मोठे व्हाल, गावाला खुर्ची द्याल, तेव्हा तिच्यामागे उभा राहणारा माणूसही द्या. देवाजी पुढच्या बाजारी पुन्हा येणार आहेत.