राखेच्या यादीत वेणू नाही

मंगळवारी दुपारी माझी पत्नी वेणू मऊ पडू लागली. तोवर तिचे मऊ पडण्याचे तापमान अकराशे अंशांच्या वर होते. ते एकाएकी एकोणचाळीसवर आले, आणि आमच्या घरात त्या वेळी बेचाळीस होते.

ती तांदूळ निवडत होती.

"अहो, हे बघा," ती म्हणाली, "तांदूळ बोटांत रुततायत."

मी चष्मा पुसून पाहिले. चार दाणे तिच्या तर्जनीत अर्धे शिरले होते. रक्त नव्हते. मी एक दाणा ओढला तेव्हा त्याच्याबरोबर बोटाची बारीक तार निघाली, पाकाची निघते तशी.

"दुखतंय का?"

"नाही. पण आज भाताचं विसरा."

मी तिला कूलरसमोर बसवले. गार वाऱ्यात ती पुन्हा घट्ट झाली. कूलरच्या टाकीत वीतभर पाणी होते आणि नळ गुरुवारी येणार होता.

"तुमच्या त्या राखेच्या गणितात काहीतरी गडबड झाली असेल," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून तुमच्या प्रत्येक गणिताचं ऐकतेय, चुकेल, चुकेल. चुकलं एकदाचं. सुटलात."

गावाबाहेरच्या वीजकेंद्रात कोळशाऐवजी कापसाची पऱ्हाटी आणि सोयाबीनचे कुटार जाळतात. कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून तिथल्या राखेचे गणित मी करतो. राखेत पोटॅशियम वाढले की ती लवकर वितळते आणि बॉयलरच्या नळ्यांना चिकटून बसते. कितीला वितळेल, ते मी आधी सांगायचे. बहुधा बरोबर येते. तरी अहवालाखाली मी पेन्सिलीनेच सही करतो.

मी बॉयलरच्या इंजिनिअरला, खडतकरला, फोन केला.

"घरच्या माणसाची राख आपल्या कामात बसत नाही, सर," तो म्हणाला. "पण तुमचं नाही म्हणता येत नाही. काकूंच्या नखाचा तुकडा पाठवा."

जीप येऊन नख घेऊन गेली. तासाभरात प्रयोगशाळेचा कागद आला. कॅल्शियम, सिलिका, फॉस्फरस, पोटॅशियम, सगळ्यांपुढे टक्के लिहिले होते. बेरीज शहाण्णव पूर्णांक चार येत होती.

अशी बेरीज पूर्ण शंभर कधीच येत नाही. जे यंत्राला मोजता येत नाही ते सुटून जाते. मग आम्ही बाकीचे आकडे त्यांच्या त्यांच्या प्रमाणात थोडे वाढवतो आणि शंभर करून घेतो. सगळे तसेच करतात. मी मुलांना तसेच शिकवले. त्या दुपारीही माझ्या हाताने ते विचार न करता केले.

"झालं का?" वेणूने विचारले.

"शंभर झाले."

"बरं."

मी पुढचे ऐकायला थांबलो. ती कूलरकडे पाहत राहिली. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही उत्तराला तिने नुसते 'बरं' म्हटले नव्हते.

"वेणू, काहीतरी बोल ना मला."

"काय बोलू?"

"नेहमी बोलतेस तसं."

"मी काय बोलते?" ती म्हणाली. तिला खरेच माहीत नव्हते.

मी मूळ कागद पुन्हा काढला. सुटलेले तीन पूर्णांक सहा टक्के त्यावरून परत घ्यावेत असा विचार होता. पण आता मूळ कागदावरही बेरीज शंभरच होती.

टाकीत चार बोटे पाणी उरले. मी आकडे संगणकात घातले. संगणकात हजारेक संयुगांची यादी आहे, आणि प्रत्येकापुढे एक आकडा आहे. आकडा शून्याखाली जितका खोल, तितके ते संयुग पक्के. संगणक सगळी मूलद्रव्ये अशी वाटून देतो की एकूण आकडा जास्तीत जास्त खोल जावा. यादीत जे नाही, ते तयार होऊ शकत नाही. हे गणितातले वैगुण्य आहे. दर वर्षी मी ते मुलांना पहिल्याच तासाला सांगत असे.

उत्तर आले. बेचाळीस अंशांना थोडी गारगोटी, थोडे पोटॅशियम क्लोराइड, थोडा चुना, बाकी चिकट द्रव. वेणू नव्हती. मी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. वेणू यादीतच नव्हती.

"तुझं नाव घालावं लागेल," मी म्हणालो. "आणि आकडा."

"घाला."

"तू किती पक्की आहेस?"

"मला कसं कळणार? तुम्ही राहिलात माझ्याबरोबर."

मी विचार करत बसलो. मला तिचा आकडा सांगता येईना. मला वाटते, दुसऱ्या कोणालाही आपल्या बायकोचा सांगता आला असता. एखाद्या संयुगाचा आकडा नसला तर त्याच्यासारख्या दुसऱ्याचा घेऊन अंदाज बांधतात. तिच्यासारखे यादीत काही नव्हते. मी खडतकरला पुन्हा फोन लावला.

"खालचाच धरा, सर. सेफ साइड," तो म्हणाला. "आपण नेहमी तेच करतो न."

"फार खाली गेला तर ती बाकीच्यांची सगळी मूलद्रव्यं ओढून घेईल."

"टाकीत पाणी किती आहे?"

"दोन बोटं."

"मग कशाला विचारत बसता?"

गारगोटीचा आकडा उणे आठशे छप्पन्न आहे. वेणूचा मी उणे आठशे साठ लिहिला आणि खोडला. बाराशे लिहिला. कूलरचा पंप कोरडा खरखरू लागला. वेणूची कोपरे खुर्चीच्या हातांवरून खाली ओघळू लागली, आणि ती त्यांच्याकडे पाहत होती. मी उणे नऊ हजार लिहून कळ दाबली.

ती त्याच क्षणी घट्ट झाली. मी तिच्या मनगटावर बोट वाजवून पाहिले, टणक आवाज आला. तिची नाडीही लागत होती. मी खाली फरशीवर बसलो.

फरशी कोमट होती. हात फिरवला तर तिला लव होती. समोरच्या भिंतीचा चुना सुरकुतत गेला आणि त्यातून वेणूचा खांदा बाहेर आला, मग मान. खिडकीची काच दुधाळ झाली आणि तिने पापणी मिटली. खोली सगळीकडून जवळ आली. ताटातले तांदूळ मी पाहिले नाहीत.

फोन वाजला.

"सर," खडतकर म्हणाला, "बॉयलरखाली राख येत नाहीये. काकू येतायत."

"किती?"

"दिवसाला बारा टन राख असते आपली. पट्टा चालूच आहे. यांना कुठं बसवू?"

"पट्टा बंद कर. मी आकडा वर घेतो."

मी टेबलाकडे वळलो. संगणकाच्या पडद्याची काच गेली होती. तिथे वेणूची पाठ होती, मानेखालच्या तिळासकट. आकडा त्या पाठीच्या मागे कुठेतरी होता. मी चाचपडत कळा शोधल्या. कळांवर ठेवलेला हात लहान होता. नखे गोल कापलेली होती आणि त्यांतले एक नुकतेच तुटलेले होते. हाडांतही चुना असतो, पोटॅशियम तर प्रत्येकात असते. हे मी आधी धरायला हवे होते.

"सर? ऐकताय न?" फोनमध्ये खडतकर म्हणाला. त्याचा आवाज मध्येच बारीक झाला आणि थांबला.

खुर्चीतल्या वेणूने मान वळवली. भिंतीतलीनेही वळवली. दारात दोघी उभ्या होत्या, त्यांच्या मागे अंगणात आणखी, आणि फाटकापासून वीजकेंद्राच्या रस्त्यापर्यंत रांग लागली होती.

"अहो," खुर्चीतली म्हणाली.

"अहो," भिंतीतली म्हणाली.

"अहो," मी म्हणाले, आणि आम्ही सगळ्या उत्तरासाठी थांबलो.