उजवीकडून उघडणारी कादंबरी

मी एक कादंबरी बोलतेय. माझं मुखपृष्ठ चुकीच्या बाजूला लागलंय. आधीच सांगते, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको. मला उघडलं की शेवटचं पानच आधी समोर येतं.

माझं माहेर अरबी. माझी लेखिका औषधांच्या दुकानात बसायची आणि गिऱ्हाईक नसलं की लिहायची. वडिलांचं दिव्यांचं दुकान एकटीनं चालवणारी विधवा ही माझी नायिका. एक भला माणूस तिला मागणी घालतो, ती नको म्हणते आणि आपलं दुकान चालवते.

एका परक्या भाषेतल्या अनुवादकाला तिची दया आली. त्यानं शेवटी तिचं लग्नच लावून दिलं! लेखिकेला कळलं ते पुस्तक छापून झाल्यावर.

"मुलीची आई मी, आणि लग्नाला मलाच बोलावणं नाही?" ती कडाडली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पुढे तिनं कुणालाच पुस्तक दिलं नाही.

आमच्या बाई, म्हणजे माझ्या मराठी अनुवादिका, चिवट. नवऱ्याच्या नोकरीपायी त्या तिकडे अरबी मुलखात राहिल्या होत्या आणि शेजारणींशी भांडता भांडता अरबी शिकल्या होत्या. स्वतःच्या कथाही लिहितात, पण जीव दुसऱ्याच्या लेकरांत जास्त. खूप विनवण्यांनंतर लेखिकेनं मला त्यांच्या ओटीत घातलं. अट एकच: "शेवट बघेन, मग बाकीच्या कादंबऱ्यांचं ठरवेन." बाईंना त्या सगळ्याच हव्या होत्या.

परिच्छेद मोठ्यानं वाचल्याशिवाय बाई तो पक्का करत नसत. ऐकायला काका, त्यांचे यजमान. काका शर्टांना इस्त्री करत ऐकायचे. इस्त्री थांबली की परिच्छेद जमला. एकदा ऐकता ऐकता काकांनी शर्टाची बाही जाळली. बाई दिवसभर खुशीत होत्या.

शेवटाशी मात्र काका अडले.

"अगं, बिचारीला थोडं सुख दे की. माणूस चांगला आहे."

"अहो, ती सुखातच आहे. नीट ऐका." बाईंनी पुन्हा वाचलं. "तिनं दुकान उघडलं, खुर्ची सावलीत ओढली आणि बसली."

काकांनी इस्त्री थांबवली. मग म्हणाले, "हं. बसू दे."

घोटाळा झाला तो मुखपृष्ठाचा. चित्रकारानं नमुन्याला मूळ अरबी पुस्तक समोर ठेवलं. ते उजवीकडून उघडतं, म्हणून त्यानं मलाही तसंच सजवलं. मी, पहिली प्रत, घरी आले तेव्हा बाई बाहेर गेल्या होत्या. काकांची हयात बाईंच्या अरबी पुस्तकांवरची धूळ पुसण्यात गेलेली. पुस्तक उजवीकडून उघडतं यात त्यांना काहीच वावगं दिसलं नाही. बाईंचं नाव बघून त्यांचे डोळे भरून आले आणि त्याच उत्साहात त्यांनी मला लेखिकेकडे कुरियर केलं.

लेखिका आता म्हातारी झाली आहे. तिनं मला हातात घेतलं, कुरवाळलं, पण उघडायला ती धजेना. रक्तदाब बघायला येणारी नर्स आपल्या भाषेची. लेखिकेनं मुखपृष्ठ उलटून मला तिच्यापुढे धरलं.

"सुरुवात तेवढी वाचून सांग. शेवटाचं आज नको. जीव घाबरा होतो."

समोरचं पान वाचून नर्स अरबीत सांगू लागली. दुकान, सकाळ, खुर्ची. म्हातारीनं तिचं मनगटच धरलं.

"थांब. हा तर शेवट आहे!"

"अगं बाई, हो की. आजी, पुस्तक उलटं बांधलंय. मिटू का?"

"नको." म्हातारीनं मनगट सोडलं नाही. "खुर्ची सावलीत ओढली, पुढे?"

"बसली."

"एकटीच?"

"एकटीच, आजी. इथं दुसरं कुणीही नाही."

म्हातारी रडली आणि हसलीही. मलाही हसू येत होतं, पण पुस्तकाला ते दाखवता येत नाही.

तेवढ्यात बाईंचा फोन. उरलेल्या प्रती घरी आल्या होत्या आणि त्या बघून बाईंनी कपाळावर हात मारला होता. "चुकीची प्रत आली आहे तुमच्याकडे. कृपा करून उघडू नका. सरळ पाठवते. आमच्या ह्यांना अजिबात पोच नाही—"

"तुझ्या नवऱ्याला माझा सलाम सांग," म्हातारी म्हणाली. "आणि ऐक. माझ्या बाकीच्या बायकाही तुझ्याकडे पाठवते. चौघी आहेत. सांभाळ त्यांना."

पलीकडून फक्त बाईंचं नाक ओढणं ऐकू आलं.

माझ्या बहिणींना, म्हणजे उरलेल्या प्रतींना, नवीन सरळ मुखपृष्ठं मिळाली. सरळ प्रतही इथं आली, पण म्हातारीनं ती नर्सला देऊन टाकली आणि मला उशाशी ठेवलं. माझं अक्षरही तिला वाचता येत नाही. ती शेवटचं पान उघडते, हात फिरवते आणि मिटते. मी सुखात आहे.

माझी एखादी सरळ बहीण तुमच्या हाती आली, तर तिला पहिल्या पानापासून मानानं वाचा. शेवट मी आधीच सांगून बसले, हे मात्र तिला कळू देऊ नका.