राखणदार पेशी

दर्शनाने बांगड्यातला काटा न् काटा वेचला आणि ताट भावापुढे सरकवलं. भाऊ चांगला तिशीचा, हातीपायी धडधाकट. पण विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझरचा झोत धनेशच्या डाव्या डोळ्यात गेला, आतला पडदा भाजला आणि त्या डोळ्याची नजर गेली. तेव्हापासून लालबागच्या त्या दोन खोल्यांत ती त्याला पाण्याचा ग्लासही भरू देत नव्हती. “रवांदे गो तेका,” म्हणत आई त्याचं त्याला करू द्यायला सांगायची, तर ही आईवरच डाफरायची.

उजवा डोळा ठणठणीत होता. डॉक्टरांनी कामावर जायला केव्हाच हरकत नाही म्हटलं होतं. दर्शनाने मात्र तो कामाला होता त्या रे रोडच्या लाकडाच्या वखारीत परस्पर फोन करून मालकांना, फेलिक्स अंकलना, उलटंच सांगितलं होतं. वखारीत करवती चालतात. खोटं बोलल्याची टोचणी होती, पण भीती त्याहून मोठी; या दोन्हींनी मिळून तिची झोप उडवली होती. आज धनेश विचारेल, उद्या विचारेल, म्हणून ती धास्तावलेली असायची. तो वखारीचं नावही काढत नव्हता.

आज रविवारी जेवताना त्याने वेगळंच विचारलं. परळच्या प्रयोगशाळेत ती नेमकं करते काय? इतके दिवस टाळलेलं तिने सांगून टाकलं. उंदराच्या डोळ्याचा पडदा लेझरने दुखवायचा आणि मग मेंदू तपासायचा. इजा डोळ्याला होते, पण त्याच्या नसा मेंदूत जिथे पोचतात, तिथल्या राखणदार पेशी खवळून उठतात. मोडतोड साफ करतात, ते बरंच. काही मात्र काम संपलं तरी हटत नाहीत. शेजारचं चांगलंही कुरतडू लागतात.

धनेशने घास गिळला.

“त्यांना कुणी सांगत नाही का, आता पुरे म्हणून?”

“कसं सांगायचं, तेच शोधतोय आम्ही.”

“लवकर शोध, ताई,” म्हणत तो हात धुवायला उठला.

दर्शना ताटावरून उठली. गॅलरीत जाऊन तिने येरझारा घातल्या, फोन काढला, ठेवला, पुन्हा काढला.

“अंकल, मी खोटं बोलले. डॉक्टरांची कधीचीच परवानगी आहे. उद्यापासून बोलवा त्याला.”

पलीकडून फेलिक्स अंकल म्हणाले,

“अगं, तो येतोय की. महिना होत आला. तू कामाला गेलीस की निघतो, तुझी मम्मीच डबा देते. मला बोलला, ताईला एवढ्यात सांगू नका अंकल, ती अजून सावरली नाही.”