म्हशीला चढवलेला नजराणा

मोगल बादशहाच्या राजधानीला धान्य कसं पोचायचं, हे मेहमुदाला तोंडपाठ होतं. बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे, दुआबातला गहू, यमुनेतल्या नावा. तिची इतिहासाच्या एम.ए.ची परीक्षा तोंडावर आली होती. पण आठ महिन्यांच्या लेकीला, मलिकाला, दूध कुठून पोचवायचं, यावर अभ्यासक्रमात एकही प्रकरण नव्हतं. दूध पावडरीचे डबे बाजारातून गडप झालेले. उरली एकट्या आकाराम गवळ्याची म्हैस.

शिवाजी पेठेतल्या त्यांच्या बोळात आकाराम रोज म्हैस आणून बांधायचा. आधी भांडं उपडं करून दाखवायचं, मग सगळ्यांदेखत धार काढायची, ही रीत. पेठेचा भरवसा डोळ्यांवर. मेहमुदाचा तेवढाही नव्हता. जंतू डोळ्यांना दिसतात थोडेच! त्या सकाळी ती जंतुनाशकाचं पाणी घेऊन उतरली आणि आकाराम आ वासून बघत असताना म्हशीची कास स्वतः पुसून मोकळी झाली.

म्हशीनं नाक फेंदारलं, शेपटीचा एक सणसणीत फटका दिला आणि पान्हा चोरला. आकारामनं थोपटलं, चुचकारलं. थेंब नाही.

"झालं!" रांगेत तांब्या घेऊन उभ्या असलेल्या शेजारच्या झुंबरबाई कडाडल्या. "म्हशीचा दवाखाना केलासा व्हय? आता च्यात काय, तुमचं औषाद घालू?"

"भाभी, तिला परका वास खपत न्हाई," आकाराम म्हणाला. "काय तरी ग्वाड चारा, न्हायतर जातो की घिऊन."

वर मलिकानं सूर लावला. सासूबाई चाँदबी खिडकीतून म्हणाल्या, "बेटी, बादशाच्या गावाला गहू पोचला असंल, तर आता घरचं बघ की!"

घरात गोड एकच होतं: मलिकासाठी मोड आणून, वाळवून, वस्त्रगाळ केलेलं नाचणीचं सत्त्व आणि गूळ. उकळून घेतलेल्या वाटीत कालवून मेहमुदानं ते म्हशीपुढं धरलं. म्हशीनं वाटी हातासकट चाटून घेतली. न उकळलेल्या जिभेनं.

आकारामनं कास साध्या पाण्यानं धुतली. धार वाजली. मेहमुदानं पातेलं पुढं केलं.

"थांबा, शिकलेल्या बाई!" झुंबरबाईंनी तांब्या मध्ये घातला. "खोळंबा कुणी केला? तुमचं शेवटी."

एम.ए.च्या बाई रांगेत शेवटी उभ्या राहिल्या, एका हातात रिकामं पातेलं, दुसऱ्या हातानं म्हशीची मान खाजवत. धार बारीक झाली की खाजवायचा जोर वाढे. अखेर पेलाभर दूध पडलं. मलिकापुरतं.

ती जिन्याकडं वळली तशी म्हैस रेकली.

"उद्या बी आणा भाभी," आकाराम म्हणाला. "चव कळली की तिला."