राणीचा सव्वा महिना

सातपूरच्या कारखान्यात अश्विन दर तासाला मशीनवरचा एक पार्ट उचलायचा, त्याची मापं मोजायचा आणि वहीत आकडा लिहायचा. तेरा वर्षं हेच केलेला माणूस घरी तरी स्वस्थ कसा बसणार? बायको संजना सातव्या महिन्यात होती. आधीचं बाळ पोटातच गेलेलं, म्हणून डॉक्टरांनी या वेळी तिला झोपून राहायला सांगितलं होतं. सुट्टीच्या दिवशी हा दर तासाला तिच्या दारात उभा. "हललं का?"

"तू विचारलंस की थांबतं," ती वैतागून म्हणायची.

शेवटी तिनेच त्याला उद्योग लावून दिला. गच्चीवरच्या दिव्याखाली त्याला मुंगळ्यांच्या तीन राण्या सापडल्या होत्या, पंख गाळलेल्या. "त्यांना सांभाळ, मला सोड," ती म्हणाली.

त्याने तिघींना तीन काचेच्या नळ्यांत ठेवलं. तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, तोंडाशी दुसरा. राणी संसार एकटीच मांडते; पहिली पिल्लं होईपर्यंत काही खात नाही, अंगातल्या साठ्यावर दिवस काढते. तिला लागतो फक्त अंधार आणि निवांतपणा. हे सगळं त्याने मोबाइलवर वाचलं होतं, पण जित्याची खोड! दर तासाला टॉर्च, भिंग, वही. पहिलीने आठवड्यातच आपली अंडी खाऊन टाकली. मग दुसरीनेही.

मनातल्या मनात अश्विनने तिसरीची गाठ आपल्या बाळाशी मारून टाकली होती. ही जगली तर ते जगेल. मूर्खपणा होता, कळत होतं त्याला. पण भीतीला कुठे कळतं?

त्याची आई, भिमाबाई, इगतपुरीकडच्या गावात अर्धं आयुष्य सुईणपण केलेली. तिने ती वही पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"भ्यालेली मांजर पिल्लं खाती, ठावं हाय ना? आन् तू बाळंतिणीच्या उशाशी बॅटरी घेऊन बसलास!"

तिने तिसरीची नळी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि आपल्या पेटीत ठेवली. "सव्वा महिना कोणी तोंड बघायचं नाय. आन् संजनाच्या दारातबी सारखं जायचं नाय. लागलं तर ती हाक मारील."

ते दिवस अश्विनला फार जड गेले. तो पेटीपाशी जायचा आणि हात मागे घ्यायचा. संजनाच्या दारावरूनही तसाच परतायचा.

सव्वा महिना भरला. भिमाबाईने पेटी उघडून नळी त्याच्या हातात दिली. राणीभोवती इवल्या इवल्या मुंग्या लगबग करत होत्या. एक तर पांढरं अंडं तोंडात धरून निघाली होती. अश्विनचे डोळे भरून आले.

तेवढ्यात आतून हाक आली. "अश्विन! लवकर ये!"

नळी आईच्या हातात कोंबून तो धावला. संजना हसत होती. तिने त्याचा हात ओढून पोटावर ठेवला. तळव्याखाली एक टाच आपटली, पुन्हा आपटली.

भिमाबाई नळी घेऊन दारात आली. "किती रं झाल्या मुंग्या?"

"मोजल्या नाहीत, आई."