तांड्याच्या शाळेतली तिजेची टोपली

होय, मीच बोलतेय, शाळेच्या खिळ्याला टांगलेली बांबूची टोपली. जात साधी, पण नशीब थोर बरं माझं!

सोलापुरातल्या बाजारात शिवबाई बुरडिणीने मला विणलं. कुणाच्या तरी घरी भाकरी सांभाळत जन्म जायचा, असं मी धरून चालले होते. पण थावरू मास्तरांनी मला उचललं आणि अक्कलकोटच्या रस्त्यावरच्या लमाण तांड्यावर आणलं. त्र्याहत्तर साल असेल. मास्तर याच तांड्यातले, दगड फोडणाऱ्या घरातले, आणि नुकतेच इथल्या शाळेवर रुजू झालेले.

त्यांच्या आधीचे मास्तर परगावचे. पोरं आपली गोरबोली बोलली की ते ओरडत, "माणसासारखं बोला!" त्या धाकानं वर्गातल्या पुनीची दातखीळच बसली होती. तिची आई गमलीबाई एकदा थावरू मास्तरांना दारातूनच म्हणाली, "मास्तर, तीज झाली की हिला खडी फोडाया न्हेते. घरी हिचं त्वांड मिटत न्हाय, अन् हितं मुकी बसती की!"

"काकी, तीज हुईस्तवर तरी ऱ्हाऊ द्या," मास्तर म्हणाले.

श्रावणात तांड्यातल्या कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात आणि गाणी म्हणत रोज पाणी घालतात. हीच तीज. टोपल्या नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या घरी असतात, त्यामुळे शाळा ओस पडते. मास्तर नायकाकडे गेले, "एक टोपली साळंत पेरू द्या."

नायक तडकले, "देवाचं काम साळंत?"

"पोरी आपल्याच हायत न्हवं? पानी त्याच घालनार."

नायकांनी मिशीवर हात फिरवला आणि हो म्हणाले. ती टोपली म्हणजे मी!

पेरताना मास्तर गोरबोलीत विचारू लागले. माती कुठली आणायची? खत किती? पुनीला राहवेना, ती घडाघडा सांगत सुटली. मास्तरांनी तिचे शब्द फळ्यावर लिहिले, शेजारी मराठी. पहिलाच शब्द 'याडी', म्हणजे आई. पुनीने त्याला बोट लावलं आणि पुसेल म्हणून लगेच मागे घेतलं. मला तर भरून आलं.

गहू वीतभर झाले आणि तीज उरकत आली, तेव्हा फळ्यावर तिजेचं गाणं होतं. गमलीबाई पोरीला न्यायला आली, तर पुनी ते वाचत होती. पण शेवटची ओळ मास्तरांनाही आठवत नव्हती. तिजेचं गाणं अर्ध्यावर टाकत नाहीत, ही तांड्याची रीत. गमलीबाईने दारातच ओळ धरली आणि गात गात आत आली. मास्तर लिहीत राहिले.

"ह्ये मी म्हनलं त्येच का?"

"व्हय, काकी."

ती फळ्याजवळ सरकली. "मग पोरीचं साळंतनं नाव काडू नका. अन् माज्या याडीचं नाव लिवा की. चांदी. बिचारी मेली, पर तिचं नाव कुटंच लिवल्यालं न्हाय."

मास्तरांनी लिहिलं. साऱ्या वर्गानं मोठ्यानं वाचलं. गमलीबाई ओढणीत तोंड लपवून रडली.

आता माझ्या काड्या सैल झाल्यात. पुनी यंदा मॅट्रिकला बसतेय, शिकून याच शाळेवर यायचं म्हणते. शिवबाई, मास्तर, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. तांडेकऱ्यांनो, मी मोडले की खुशाल चुलीत घाला. फक्त पुनी बाई होऊन या वर्गात येईस्तोवर दम धरा.