घरातलं घरात

मित्रांनो, माझ्या अंगावर चार दिवे आहेत. त्यांतले तीन हिरवे लुकलुकतात; बाहेरच्या इंटरनेटचा चौथा मात्र पूर्ण विझलेला असतो. तरीही मी बिघडलेला नाही. मी एक जुना राउटर आहे आणि कोल्हापुरात सबिनाबाईंच्या घरी राहतो.

कारखान्यातून नवाकोरा आलो, तेव्हा माझा मान मोठा होता. सबिनाबाई विज्ञानाच्या शिकवण्या घेतात. त्यांचे ऑनलाइन वर्ग माझ्याच जिवावर चालत. पुढे वेगवान राउटर आला आणि मी दोन वर्षे कपाटावर धूळ खात पडलो.

तिथून मला त्यांच्या आईची, अमीरबींची, खोली दिसे. एकदा त्या पाय घसरून पडल्या, म्हणून पुण्यातल्या त्यांच्या मुलाने, तौसीफने, खोलीत कॅमेरा बसवला. सगळ्यांचे लक्ष राहावे म्हणून त्याने कॅमेऱ्याचा पासवर्ड नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मग कबनूरहून अमीरबींच्या बहिणीचा फोन येई, "अगं अमीर, केस मोकळे सोडून बसलीस व्हय? सर्दी हुईल की!"

अमीरबी हसण्यावारी नेत. पण केसांना तेल लावायला त्या कपाटाच्या दाराआड, एका हाताने भिंत धरून उभ्या राहू लागल्या. मला वरून धडकी भरे. तिथे पुन्हा पडल्या असत्या, तर कॅमेऱ्यालाही दिसल्या नसत्या.

"सांग की तौसीफला," सबिनाबाई म्हणत.

"पोरगं नाराज हुईल गं. बघू पुढं."

असे आठ महिने गेले.

एका रविवारी सबिनाबाईंनी मला खाली उतरवून पुसले. कॅमेरा आणि खोलीतले स्मार्ट दिवे नव्या राउटरवरून काढून माझ्याशी जोडले. बाहेरची तार मात्र मला लावलीच नाही. त्यामुळे कॅमेऱ्याचे चित्र शिकवणीच्या खोलीतल्या एका जुन्या फोनवर तेवढे दिसते. घराबाहेर जायला त्याला वाटच नाही.

मित्रांनो, वस्तू जुनी झाली म्हणून टाकून देऊ नका. नवी आणाल तेव्हा ती कुणाकुणाला घरात डोकावू देते, तेही तपासा. आणि ज्याची काळजी घेता, त्याला एकदा विचारा.

संध्याकाळी तौसीफचा फोन आला. "अम्मी, कॅमेरा दिसंना झालाय. बिघडला काय?"

सबिनाबाई काही बोलणार, तोच अमीरबींनी फोन आपल्या हातात घेतला.

"बिघडला न्हाय. सबीला दिसतोय, तेवढं बास हाय. माझ्या खोलीत आता बाहेरनं कुणी बघायचं न्हाय, तू बी न्हाय. अम्मीला बघायचं आसंल तर गाडीत बस आन घरी ये."